आधी मांडणी, मग गोळी: टर्न बेस्ड तुकडीचे गेम कसे सुरू करायचे

लढाईचा गेम म्हटलं की आपल्याला आधी बोटांचा वेग आठवतो. टर्न बेस्ड तुकडीच्या गेममध्ये वेगाला काही किंमत नसते. चार-सहा जणांची तुकडी तुमच्या ताब्यात असते. आधी तुमच्या सगळ्यांनी हालचाल करायची, मग शत्रूने, मग परत तुम्ही. तुमचा टर्न चालू आहे तोवर शत्रू जागचा हलत नाही. चहा ठेवून या, कुकरच्या शिट्ट्या मोजा, दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगा, तो तिथेच थांबलेला असतो. एका खोलीत चौघं राहतात, कोणी ना कोणी हाक मारतंच, अशा मुंबईतल्या घरांना याच्याइतका सोयीचा गेम मला दुसरा माहीत नाही.

तरीही बरेच नवे खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या मिशनमध्येच हा प्रकार सोडून देतात. शत्रू दिसला की गोळी झाडायची, अशी बीजीएमआयसारख्या धावत्या नेमबाजीच्या गेमची सवय घेऊन ते येतात. लागण्याची शक्यता ८५ टक्के दाखवलेली गोळी चुकली की गेम लबाड आहे असं ठरवतात. या प्रकाराची खरी गोडी मांडणीत आहे. नशिबावर कमीत कमी सोपवायचं, आणि जे सोपवावंच लागेल ते नेमकं कधी सोपवायचं हे आपण ठरवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: एक संध्याकाळ कागदावर

काहीही विकत घेण्याआधी घरातला ल्युडोचा डबा काढा. मोठ्या कागदावर दोन-दोन सेंटीमीटरचे चौकोन आखा आणि त्यावर गिरगावातल्या जुन्या चाळीचं अंगण काढा: कडेला जाड खांब, मध्ये नळाचा बुटका कट्टा, फाटकाशी उभी टॅक्सी. तीन लाल सोंगट्या तुमच्या, तीन हिरव्या समोरच्याच्या.

नियम थोडेच. आपल्या टर्नमध्ये प्रत्येक सोंगटीला दोन कामं करता येतात: चार घरं चालणं किंवा गोळी मारणं. गोळी मारली की त्या सोंगटीचं काम त्या टर्नपुरतं संपलं. उघड्यावरच्या सोंगटीला मारायला फाशावर ३ किंवा जास्त पडायला हवेत. कट्टा किंवा टॅक्सी म्हणजे अर्धा आडोसा. त्यामागे असेल तर ५ किंवा ६. खांबाआड म्हणजे पूर्ण आडोसा. तिथे फक्त ६ चालतात. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की आडोसा ज्या बाजूला आहे, त्याच बाजूने येणाऱ्या गोळीपासून तो वाचवतो. बगलेला जाऊन मारलं की समोरचा उघड्यावर आहे असंच धरायचं. एक गोळी लागली की सोंगटी बाद.

आता हिशेब करा. खांबाआडच्या शत्रूवर तिघांनी समोरून एकेक गोळी मारली, तर निदान एक लागण्याची शक्यता जेमतेम ४२ टक्के. दोघंच जण बगलेला गेले आणि तिथून एकेक गोळी मारली, तर तीच शक्यता ८९ टक्के. तिघांनी जागेवर बसून जे साधत नाही, ते दोघांच्या पायांनी साधतं. पण बगलेला गेलेले ते दोघं आता कुठे उभे आहेत? बहुधा अंगणाच्या मधोमध, दुसऱ्या शत्रूच्या समोर. हा पेच कागदावर दोन-तीन डावांत अंगी लागतो, आणि एकदा लागला की पुढचे सगळे गेम ओळखीचे वाटू लागतात.

दुसरी पायरी: गेम निवडणं

खिशातून काहीच काढायचं नसेल तर ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ घ्या. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत गेम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट चालतो आणि जुन्या लॅपटॉपलाही जड जात नाही. त्यात तुकडी मोठी असते आणि नकाशा षटकोनी घरांचा, पण मूळ धडा तोच. गोळी किंवा बाण लागण्याची शक्यता समोरचा कुठल्या जमिनीवर उभा आहे यावर ठरते. साधा भालेवाला गवतावर असला तर त्याला मारण्याची शक्यता ६० टक्के, तोच गावात शिरला की ४० टक्के. गावात टर्न काढला की जखमाही भरतात. दिवसा काही सैनिकांचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री दुसऱ्यांचा. त्यामुळे हल्ला कधी करायचा हाही डावपेचच होतो. नवशिक्यांनी त्यातली ‘द साउथ गार्ड’ ही मोहीम, म्हणजे ओळीने येणाऱ्या लढायांची मालिका, आधी खेळावी.

थोडे पैसे घालवायची तयारी असेल तर सबसेट गेम्सचा २०१८ चा ‘इनटू द ब्रीच’ हा शिकण्यासाठी सर्वांत स्वच्छ गेम आहे. ८ बाय ८ चा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या टर्नला नेमका कोणावर वार करणार ते आधीच पटावर दिसतं. नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर ढकलून त्याचा वार त्याच्याच साथीदारावर वळवणं हे इथलं खरं कसब. एक लढाई थोड्याच टर्नमध्ये संपते. चाललेली चाल मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा अख्खा टर्न पुन्हा खेळता येतो.

तिसरा पर्याय या प्रकाराचा कणा आहे: ‘एक्सकॉम’, परग्रहवासीयांशी लढणाऱ्या सैनिकांचा गेम. ज्युलियन गॉलॉप यांनी १९८८ मध्ये ‘लेझर स्क्वॉड’ केला आणि १९९४ मध्ये पहिला एक्सकॉम. त्यात एका विमानातून १४ सैनिक नेता येत. पाऊल टाकणं, वळणं, गुडघ्यावर बसणं, गोळी मारणं, प्रत्येक गोष्टीला वेळेची एककं मोजावी लागत. २०१२ मध्ये फिरॅक्सिस कंपनीत जेक सॉलोमन यांच्या हाताखाली तो नव्याने घडला, ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ या नावाने. तुकडी चारपासून सहापर्यंत आली आणि प्रत्येकाला दोनच कामं राहिली. काही जुन्या खेळाडूंना ही छाटणी रुचली नाही. मला ती योग्य वाटते. चौदातला एक गेला तर पुढच्याकडे वळता येतं, पण चारातला एक गेला तर पुढची प्रत्येक चाल बदलते.

यातला कुठलाच गेम महागडं यंत्र मागत नाही. लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप बघत असाल तर गेमिंगचं लेबल असलेल्या यंत्रामागे धावू नका. २०१२ चा एक्सकॉम साध्या यंत्रावरही जमून जातो, आणि माउस नसला तरी टचपॅडवर काम भागतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किंमत दिसते, हंगामी सेलमध्ये जुने गेम फार स्वस्त होतात, आणि खरेदीपासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करता येतो. ते दोन तास हातात आहेत असं समजूनच पहिला गेम घ्या.

फोनवर खेळायचं असेल तर ‘एक्सकॉम २’ हा २०१६ चा गेम आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये आला. तो बॅटरी खातो आणि जागाही बरीच घेतो. पण बसायला जागा मिळणारी लोकल पकडत असाल तर याच्यासारखा सोबती नाही. वाटेत नेटवर्क गेलं तरी तुमचा टर्न तसाच असतो, स्टेशन आलं की फोन खिशात टाकायचा. सकाळी आठच्या डब्यात उभं राहून मात्र हे खेळू नका. एक हात कड्याला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तुकडी हलवायला गेलं की चुकीच्या घरावर बोट पडतं, आणि एक्सकॉममध्ये टाकलेलं पाऊल मागे घेता येत नाही.

तिसरी पायरी: पहिलं मिशन हळू चाला

इथून पुढे मी २०१२ चा एक्सकॉम धरून सांगतो, कारण त्यातले आकडे सुटसुटीत आहेत. पातळी नॉर्मल ठेवा. ‘आयर्नमॅन’ नावाचा पर्याय बंद ठेवा. त्यात एकच सेव्ह राहतो आणि मागे जाता येत नाही. तो पुढे कधीतरी चालू करायचाच आहे, पण शिकताना एकच चाल दोन तऱ्हांनी करून पाहण्यात फार शिकायला मिळतं.

मिशनमध्ये शत्रू छोट्या टोळक्यांनी अंधारात बसलेले असतात. तुमच्यातल्या कोणाला टोळकं दिसलं की ते लगेच, तुमच्याच टर्नमध्ये, पळून आडोसा गाठतं. ही एक गोष्ट समजली की अर्धा गेम समजला. नवी जागा उघडायची ती टर्नच्या सुरुवातीला, पहिल्या सैनिकाने, बाकी सगळ्यांची कामं शिल्लक असताना. शेवटच्या सैनिकाने धावत जाऊन नवा कोपरा उघडला, तर टोळकं जागं होतं, आडोशाला बसतं, आणि तुमच्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही. पुढचा टर्न त्यांचा. नव्यांची बहुतेक माणसं अशीच जातात, आणि दोष मात्र नेमबाजीला दिला जातो.

पडद्यावर दिसणाऱ्या निळ्या रेषेच्या आत चाललात तर दुसरं काम शिल्लक राहतं. पिवळ्या रेषेपर्यंत धावलात तर दोन्ही संपतात. पहिली काही मिशनं पिवळ्या रेषेपर्यंत जाऊच नका. निळ्या रेषेत चाला, पूर्ण आडोसा शोधा, आणि उरलेलं काम ‘ओव्हरवॉच’वर ठेवा. ओव्हरवॉच म्हणजे पहारा: शत्रू त्याच्या टर्नमध्ये नजरेसमोर हलला की तुमचा सैनिक आपोआप गोळी मारतो. ही गोळी नेहमीपेक्षा कमी अचूक असते, म्हणून पहाऱ्यावर विसंबून राहू नका. टर्नमधलं उरलेलं काम वाया जाऊ नये एवढाच त्याचा उपयोग.

अंगणातली ती टॅक्सी आठवा. एक्सकॉममध्येही रस्त्यावर गाड्या असतात आणि त्या आडोशाला बऱ्या दिसतात. पण गोळ्या-बॉम्बने गाडीने पेट घेतला की थोड्याच वेळात ती फुटते आणि मागचा सैनिक भाजून निघतो. धूर दिसला की जागा सोडा. आणि चाळीच्या गॅलरीसारखी उंच जागा मिळाली तर ती धरा. उंचावरून खालच्यावर नेम धरला की अचूकता २० ने वाढते. नेमबाज स्नायपर तिथे ठेवला की तो अख्खं मिशन कमावतो.

चौथी पायरी: टक्के वाचायला शिका

नव्या सैनिकाची अचूकता ६५ असते. शत्रू अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून २० वजा, पूर्ण आडोशाला असेल तर ४०. अंतराचा फरक सोडला, तर उघड्यावरच्या शत्रूवर ६५ टक्के, बुटक्या भिंतीमागच्यावर ४५ आणि खांबाआडच्यावर फक्त २५. बगलेला गेलात तर आडोसा शून्य होतो, वर जबर इजेची शक्यताही वाढते. पडद्यावरचा आकडा गूढ नाही. तो बेरीज-वजाबाकीने बनलाय, आणि त्यातला प्रत्येक घटक तुम्हाला हलवता येतो.

८५ टक्के म्हणजे जवळजवळ नक्की, असं आपलं मन मानतं. पण अशा पाच गोळ्या लागोपाठ मारल्या तर पाचही लागण्याची शक्यता ४४ टक्केच आहे. म्हणजे एका मिशनमध्ये अशी एखादी गोळी चुकणं हेच जास्त संभवतं. काही गेम आपल्या या समजुतीला सांभाळून घेतात. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतल्या २००२ नंतरच्या अनेक गेमनी दोन फाशांची सरासरी धरली, त्यामुळे पडद्यावर ९० दिसलं तरी प्रत्यक्षात ९८ च्या आसपास लागतं. एक्सकॉमही खालच्या पातळ्यांवर न सांगता तुमच्या बाजूने थोडं वजन टाकतो. तेव्हा गेम फसवतोय ही तक्रार खरं तर उलटी आहे.

आणखी एक: गोळी चुकली म्हणून जुना सेव्ह उघडून तीच गोळी तिथूनच परत मारू नका. एक्सकॉममध्ये फाशाचा निकाल सेव्हबरोबर साठवलेला असतो, त्यामुळे तीच चाल तसाच निकाल देते. मागे गेलात तर वेगळी चाल करा.

पाचवी पायरी: चालींचा क्रम

या सगळ्या गेमचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. चार सैनिक आहेत, सगळे नवे, सगळे आडोशाला. समोर दोन सेक्टॉइड, म्हणजे ते बुटके करडे परग्रहवासी. एक खांबाआड, एक बुटक्या भिंतीमागे. नॉर्मल पातळीवर सेक्टॉइडचा जीव ३. रायफलची गोळी २ ते ४ इजा करते, म्हणजे लागूनही तो वाचू शकतो. बॉम्बची इजा ३, आणि तो चुकत नाही.

नवा खेळाडू चौघांकडून चार गोळ्या मारतो. तुम्ही आधी विचारा: यात नक्की घडणारं काय आहे? बॉम्ब. खांबाआडच्यावर २५ टक्क्यांची गोळी मारण्यात अर्थ नाही, त्याच्यावर बॉम्ब टाका, तो मेला. आता त्याची भीती न धरता बाकीचे हलू शकतात. इथेही किंमत आहे: स्फोटाने मेलेल्या शत्रूच्या शस्त्राचे तुकडे हाती लागत नाहीत, आणि तुकडे म्हणजे पुढचं संशोधन. गेममधल्या पहिल्या महिन्यात ही किंमत मोजा. जिवंत सैनिक बढती घेतो. तुकडे पुढेही मिळतील.

उरला भिंतीमागचा. दुसरा सैनिक जागेवरून ४५ टक्क्यांची गोळी मारू शकतो. तिसरा बगलेला धावून ६५ टक्क्यांची, जवळून मारली तर त्याहून चांगली. आधी कोण? सरळ वाटतं ते म्हणजे चांगली गोळी आधी. माझं मत उलटं आहे. आधी ४५ वाली मारा, कारण त्या सैनिकाला आडोसा सोडावा लागत नाही. लागली आणि शत्रू मेला, तर तिसऱ्याला उघड्यावर जायची गरजच उरली नाही. चुकली, तर मग तिसऱ्याने धोका पत्करावा. दोन्ही मिळून निदान एक लागण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि क्रम बदलल्याने ती बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की धोका गरज पडली तरच घेतला जातो. चौथा सैनिक शेवटपर्यंत राखून ठेवा. सगळं जमलं तर तो बंदूक भरून पहाऱ्यावर बसेल, बिनसलं तर तोच सावरेल.

थोडक्यात क्रम असा: नक्की घडणारं आधी, मग जागा न सोडता होणारं, मग धोक्याचं, आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त पर्याय आहेत तो सैनिक शेवटी. दर चालीनंतर पट नव्याने बघा. टर्नच्या सुरुवातीला ठरवलेलं सगळं तसंच पार पाडायचा हट्ट धरू नका.

सहावी पायरी: माणसं जातील

एक्सकॉममध्ये मेलेला सैनिक परत येत नाही. मोहिमेत त्याचं नाव स्मारकाच्या भिंतीवर जातं आणि त्याच्या जागी ६५ अचूकतेचा नवा पोरगा येतो. सैनिकांची नावं बदलता येतात, तेव्हा बिनधास्त मित्रांची, मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं द्या. गेम जास्त अवघड होतो, कारण कोणाला पुढे पाठवायचं हा प्रश्न आता हिशेबाचा राहत नाही. माझ्या मते या प्रकाराची ओढ इथूनच येते. तुम्ही दहा मिनिटं विचार करून एक पाऊल टाकलंत, आणि त्या पावलाचं ओझं पुढच्या दहा मिशनांना आहे.

एक सैनिक गेला म्हणून मोहीम सोडू नका. दोन पथकं आलटून पालटून तयार करा. जखमी सैनिक बरेच दिवस पलंगावर असतो, आणि एकाच पथकावर सगळी मदार असेल तर त्या काळात हात रिकामे राहतात. माघार हाही डाव आहे. बहुतेक मिशनमध्ये उतरलात त्या जागेवर परत येऊन निघून जाता येतं. दोघं वाचवून मिशन हरलात तर मोहीम चालू राहते.

यानंतर काय

एक्सकॉमची एक मोहीम, पूर्ण किंवा अर्धी, झाली की ‘एक्सकॉम २’ कडे वळा. त्यातली अनेक मिशनं ठरावीक टर्नमध्ये पूर्ण करावी लागतात, त्यामुळे हळू चालायची सवय तिथे मोडावी लागते. आधी ती लागलेली असणं मात्र गरजेचं. २०२४ चा ‘टॅक्टिकल ब्रीच विझर्ड्स’ त्या मानाने सौम्य आहे: टर्न संपवण्याआधी तो मागे नेऊन परत खेळता येतो आणि शत्रूंना खिडकीतून बाहेर ढकलण्याची भरपूर मुभा आहे. घरातल्या कोणाला शेजारी बसवून शिकवायचं असेल तर तो घ्या.

‘जॅग्ड अलायन्स’ची चव वेगळी. १९९९ च्या दुसऱ्या भागात भाडोत्री सैनिकांचे स्वभाव इतके पक्के होते की काही जण नावडत्या माणसाबरोबर काम करायला चक्क नकार देत. २०२३ च्या तिसऱ्या भागात गोळी लागण्याची टक्केवारी पडद्यावर दिसतच नाही. अंतर, आडोसा, बंदूक, माणूस बघून अंदाज तुम्हीच करायचा. चौथी पायरी हाडीमाशी भिनल्यावरच त्याला हात लावा, आणि एक्सकॉमचा ‘आयर्नमॅन’ही तेव्हाच चालू करा.